गळालेलं शून्य

रंगचाचणीत नवव्यांदा शंभरपैकी शंभर गुण मिळाले, तेव्हा गुरुनाथ चितारीने निकालाचा कागद चुरगाळून खिशात कोंबला.

"अभिनंदन," डॉ. हेरवाडकर म्हणाले. "तुमच्या वयात इतकं चांगलं यश आम्ही फार कमी लोकांत पाहिलंय."

"डॉक्टर, मला तांबडा रंग हिरवा दिसतो."

"आत्ताच तर तुम्ही तांबडी पट्टी बरोबर ओळखलीत."

"ती तांबडीच दिसली. माझ्या डब्यातला तांबडा हिरवा दिसतो. हिरवा म्हणजे मोरपंखी. हे मी नवव्यांदा सांगतोय."

डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर काहीतरी टिपलं. काय टिपलं ते न बघताही गुरुनाथला ठाऊक होतं. 'रंगस्मृतिभ्रम. समुपदेशन चालू ठेवावे.'

सन २०६१ मध्ये कोल्हापूरच्या या दृष्टिसंधान केंद्रात आंधळ्या माणसाला डोळे देणं ही नवलाची गोष्ट उरली नव्हती. डोळ्याच्या आत, प्रकाश टिपणारा जो पडदा असतो, तो झिजला की त्यावर कांद्याच्या सालीहून पातळ अशी एक कृत्रिम चकती बसवत. शास्त्रीय नाव लांबलचक होतं; लोक तिला पापुद्रा म्हणत. चष्म्यातला कॅमेरा समोरचं दृश्य टिपे, कानामागची बोटभर डबी त्याचे आकडे करून पापुद्र्याकडे धाडी, पापुद्रा मज्जातंतूंना चेतवी आणि माणसाला दिसू लागे. देशभरात एक्केचाळीस हजार लोक पापुद्र्याने बघत होते. त्यातली जवळजवळ सगळी जन्मांध मुलं होती, कारण तान्ह्या मेंदूला पापुद्रा लवकर मानवतो. गुरुनाथसारखी, आधी डोळस असलेली मोठी माणसं जेमतेम तेराशे.

या तेराशेंपैकी बरेच जण रंगांबद्दल कुरकुर करत. त्यासाठी डॉक्टरांनी एक नाव शोधून काढलं होतं. त्यांचं म्हणणं, अंधत्वाच्या वर्षांत मेंदूतली रंगांची आठवण विटते, आणि मग परत आलेला खरा रंग माणसाला खोटा वाटतो. हा रंगस्मृतिभ्रम. औषध नाही, पण सवय होते. चाचणीत रुग्णाला सगळे रंग नीट ओळखता येत, म्हणजे यंत्र बरोबर आणि माणूस चूक, हे उघडच होतं.

"सवय होईल," डॉक्टर म्हणाले. "मनावर घेऊ नका."

गुरुनाथ सत्तावन्न वर्षांचा होता. त्यातली तीस वर्षं त्याने सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं रंगवली होती. हलक्या लाकडाचं डाळिंब, आंबा, सीताफळ, काजूचं बोंड. ही फळं अशी हुबेहूब, की दुकानात आलेली माणसं हटकून एखादं उचलून नाकाशी नेत. आनुवंशिक आजाराने त्याची नजर गेली तेव्हा तो एकोणपन्नास वर्षांचा होता. पुढची जवळजवळ सहा वर्षं तो ओसरीवर बसून नुसती लाकडं घासून देई आणि रंगकाम बायको विनया करी. पापुद्रा बसल्यावर पहिल्यांदा त्याने विनयाचा चेहरा पाहिला, अंगणातली केळ पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी रंगाचे डबे उघडले.

तांबड्या डब्यात मोरपंखी रंग होता. पिवळ्या डब्यात आकाशी.

"गो, डबे कोणी बदलले?" त्याने विचारलं.

"कोण बदलतलो? तुमचेच असत ते."

"ह्यो आंबो निळो दिसता माका."

विनयाने स्वतः रंगवलेला तो लाकडी आंबा हातात घेऊन उन्हात धरला. "पिवळोच असा," ती हळूच म्हणाली. नवऱ्याला दिसू लागल्याचा तिचा आनंद तिसऱ्याच दिवशी असा अडखळला होता, आणि ते तिच्या आवाजात गुरुनाथला ऐकू आलं.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की बाकी जग ठीक दिसत होतं. खरं डाळिंब फोडलं तर दाणे लाल दिसत. बाजारातला आंबा पिवळा दिसे. चूक फक्त त्याच्या हातच्या फळांत होती. मग त्याने डोळ्यांवर भिस्त ठेवून काम करायचं ठरवलं. तांबडा तांबडा दिसेपर्यंत त्यात पांढरा मिसळत गेला. फळं झाली तेव्हा दुकानदार म्हणाला, "गुरुनाथभाऊ, ही डाळिंबं आजारातून उठल्यासारखी का दिसतात?" ती सगळी फळं परत आली. त्यानंतर विनया डब्यांवरची नावं वाचून रंग काढून देई आणि गुरुनाथ डोळे मिटून फळं रंगवी. डोळे आल्यावर डोळे मिटून.

दर तीन महिन्यांनी तो आंबोली घाट चढून कोल्हापूरला जाई. दर वेळी चाचणी, दर वेळी शंभर गुण, दर वेळी सवय होईल. सवय झाली ती एकाच गोष्टीची. लोक आपल्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतात, याची.

या नवव्या खेपेला मात्र तो पिशवीत अकरा लाकडी पट्ट्या घेऊन आला होता. तपासणी संपल्यावर तो बस गाठायला गेला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या तांत्रिक विभागाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. रुग्णांना आत प्रवेश नव्हता. दीड तासाने एक बाई चहाचा पेला घेऊन बाहेर आली.

"आपण इथे काम करता? मला पाच मिनिटं द्या. मी वेडा नाही."

बाईचं नाव शर्वाणी मगदूम. डबीत चालणाऱ्या प्रोग्रॅमची देखभाल तिच्याकडे होती. तिला खरं तर चहा प्यायचा होता. पण 'मी वेडा नाही' हे वाक्य त्या माणसाने असं म्हटलं, जणू ते त्याला वरचेवर म्हणावं लागत असावं. ती त्याला आपल्या खोलीत घेऊन गेली.

गुरुनाथने टेबलावर पट्ट्या ओळीने मांडल्या. "पहिली डब्यातल्या तांबड्याची. दुसरीत पांढऱ्याचा एक थेंब, तिसरीत दोन, असं शेवटच्या पट्टीपर्यंत. तुम्हाला काय दिसतं?"

"सगळ्या लालच आहेत. शेवटच्या किंचित फिक्या."

"मला पहिल्या पाच मोरपंखी दिसतात. सहावी आणि सातवी पानासारख्या हिरव्या. आठवीपासून एकदम तांबड्या. सातवी हिरवी, आठवी तांबडी. मधे काही नाही." तो थांबला. "मॅडम, मी तीस वर्षं रंग कालवलेत. रंग उड्या मारत नाही. रंग सरकतो. माझी आठवण विटली असेल तर ती सगळीकडे सारखी विटेल. एका थेंबाने कशी फिरेल?"

शर्वाणीने पेला खाली ठेवला. मेंदू असा उडी मारत नाही, हे तिला पटलं. अशी उडी आकडे मारतात. तिने पट्ट्यांचा क्रम त्याच्या नकळत बदलला, पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. त्याचं उत्तर एकदाही चुकलं नाही. तिला नुसत्या नजरेने सांगता येत नव्हता असा एका थेंबाचा फरक तो लांबून सांगत होता.

ती वहीत लिहून घेत असताना त्याची नजर भिंतीवरच्या चित्राकडे गेली. मेणखडूंनी काढलेलं घर, झाड, दोन माणसं.

"तुमच्या मुलीचं?"

"हो. जुई. सहा वर्षांची आहे."

"छान काढलंय. आभाळ अगदी बरोबर निळं साधलंय."

शर्वाणीने मान वर केली. चित्रातलं आभाळ पिवळंधमक होतं. या आभाळावरून शाळेतल्या बाईंनी तिला बोलावून घेतलं होतं, आणि मुलांची कल्पनाशक्ती असते असं म्हणून तिनेच त्यांना परतवून लावलं होतं. जुईला मोराची मान लाल वाटे. रंगांची नावं तिला फार उशिरा आली होती. जन्मानंतर आठव्या महिन्यात तिला पापुद्रा बसवला होता. शर्वाणी या केंद्रात नोकरीला आली ती त्यामुळेच.

"काका," ती म्हणाली, "तुमचा फोन नंबर लिहून द्या. आणि ह्या पट्ट्या इथेच राहू देत."

चूक सापडायला चार दिवस लागले. आठवड्याने तिने गुरुनाथला बोलावून घेतलं आणि समोर कोरा कागद ओढला.

"डबी समोरच्या प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे करते," ती सांगू लागली. "लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न. तुमच्या डब्यातल्या लालचे आकडे आहेत लाल दोनशे, हिरवा दहा, निळा बारा."

"बरं."

"हे आकडे पापुद्र्याकडे पाठवताना आटोपशीर हवेत. म्हणून ते षोडशमान पद्धतीत लिहितात. आपण दहा चिन्हांनी मोजतो, शून्य ते नऊ. षोडशमानात चिन्हं सोळा. नवानंतर दहासाठी ए, अकरासाठी बी, बारासाठी सी, असं पंधरासाठी एफपर्यंत. सोळा चिन्हं असल्यामुळे दोनशे पंचावन्नपर्यंतचा कुठलाही आकडा दोनच घरांत मावतो. दोनशे म्हणजे सी८. दहा म्हणजे ०ए. बारा म्हणजे ०सी. तिन्ही एकापुढे एक ठेवले की सहा अक्षरांची माळ होते. सी८, ०ए, ०सी. याला आम्ही रंगसूत्र म्हणतो."

गुरुनाथने कागदावरची अक्षरं बोटाने मोजली. सहा.

"ही माळ ओवण्याचं काम एक स्क्रिप्ट करते. स्क्रिप्ट म्हणजे घाईच्या कामासाठी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. वीस ओळींचा. बारा वर्षांपूर्वी कोणीतरी तात्पुरता म्हणून लिहिला आणि तोच कायम झाला. त्या स्क्रिप्टला दहा हा आकडा दिला, की ती ०ए लिहीत नाही. नुसता ए लिहिते. तिच्या दृष्टीने आधीचं शून्य बिनकामाचं."

"आपणही आकडा लिहिताना त्याच्या आधी शून्य लावत नाही."

"एकटा आकडा असेल तर चालतं. माळेत चालत नाही. तारीख घ्या. एक नोव्हेंबर, एक आणि अकरा, जोडून लिहा. एकशे अकरासारखं दिसेल. आता अकरा जानेवारी, अकरा आणि एक, जोडून लिहा. तेच दिसेल. शून्य लावलं असतं तर दोन्ही वेगळ्या राहिल्या असत्या."

तिने सहा अक्षरांतली दोन्ही शून्यं खोडली. उरलं सी८एसी. "तुमच्या लालची झाली चारच अक्षरं. पापुद्र्याला तर सहा हवीत. मग तो डावीकडून दोन शून्यं भरतो. ००, सी८, एसी. आता वाचा. लाल शून्य, हिरवा दोनशे, निळा एकशे बहात्तर."

"मोरपंखी," गुरुनाथ म्हणाला.

"मोरपंखी. डब्यातल्या पिवळ्याचं असंच आकाशी होतं. आकडा सोळाच्या खाली असेल तरच शून्य लागतं, म्हणून तेवढ्यातच चूक होते. खऱ्या फळात तिन्ही रंग थोडेथोडे असतात, सोळाच्या वर. केंद्रातल्या चाचणीच्या पट्ट्या जुन्या छपाईच्या, भुरकट. त्याही सोळाच्या वर. फक्त निव्वळ रंग चुकतात. डब्यातला रंग, मेणखडू, नव्या कपड्याचा रंग. तुम्ही पांढरा घालत गेलात, आकडे सोळाच्या वर गेले, आणि आठव्या पट्टीला माळ पूर्ण झाली."

गुरुनाथने त्या खोडलेल्या शून्यांवरून बोट फिरवलं. सव्वादोन वर्षं, नऊ खेपा, समुपदेशकाच्या खोलीतला तो मंद आवाजाचा पंखा, विनयाने शेजाऱ्यांना दबक्या आवाजात दिलेली उत्तरं. तो ओरडला असता तर शर्वाणीला बरं वाटलं असतं.

"दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"एक ओळ आहे. तुमच्या डबीपुरती मला आत्ता करता येईल, चाचणी म्हणून."

तिने डबी जोडली. दोन मिनिटं काळोख झाला. मग उजेड आला, आणि गुरुनाथने टेबलावरची पहिली पट्टी उचलली. ती तांबडी होती. नुसती तांबडी नव्हे, त्याने आयुष्यभर कालवलेली, ओली असताना किंचित काळसर भासणारी ती तांबडी. त्याने ती पालथी करून ठेवली, कारण त्याला शर्वाणीसमोर डोळे पुसायचे नव्हते.

"आता एक विचारायचंय," ती म्हणाली. तिने दोन फॉर्म पुढे केले. "तक्रार तुमच्या नावावर आहे. ती कशी मिटवायची ते तुमच्या सहीवर ठरतं. 'रुग्णापुरती दुरुस्ती' अशी सही केलीत, तर विषय इथे संपतो. 'सर्वांसाठी' अशी केलीत, तर नवीन स्क्रिप्ट एकाच दिवशी एक्केचाळीस हजार डब्यांत जाईल. वेगळी निवड ठेवायची नाही, असा वरचा आदेश आहे."

"मग सर्वांसाठी. चूक ती चूक."

"तुमच्यासाठी चूक, काका. तुम्ही आधी लाल पाहिलं होतं. मुलांनी नाही. त्यांना हेच लाल. जुईला तिचा लाल फ्रॉक आवडतो. तिला तो कसा दिसतो हे मला आता कळलंय, पण तिला तो आवडतो. उद्या सकाळी उठेल तेव्हा तो फ्रॉक नसेल."

"म्हणजे मी सही करू नको म्हणता?"

"तसं नाही म्हणत." तिने कपाळ चोळलं. "रस्त्यावरचा लाल दिवा आहे ना. जवळून भडक असतो, तिन्ही आकडे मोठे येतात, बरोबर दिसतो. लांबून, धुक्यात तो या मुलांना हिरवा दिसू शकतो. हेही मी तपासलंय. दुरुस्ती करायलाच हवी. मला फक्त आठवडाभर द्या. तिला काहीतरी सांगून ठेवते."

"मी सव्वादोन वर्षं दिली," गुरुनाथ म्हणाला आणि सही केली.

बसमध्ये बसल्यावर त्याला ते वाक्य टोचलं. पण आंबोलीला धुकं होतं. पुढे चाललेल्या गाडीचे मागचे दिवे वळणावर लालभडक चमकले, आणि आपण बरोबर केलं असं त्याला वाटलं. गारगोटीच्या कुठल्याशा आईचं मूल वाचेल. केंद्राने लेखी माफी मागावी असं त्याने फॉर्मवर लिहिलं होतं, तीही येईल.

माफी आली नाही. केंद्राचं पत्र आलं, सगळ्यांना एकच. 'आपल्या पापुद्र्याची सुधारित आवृत्ती उपलब्ध करताना आनंद होत आहे. यामुळे आपला रंगानुभव अधिक समृद्ध होईल.' चूक हा शब्द पत्रात कुठेही नव्हता. रंगस्मृतिभ्रम हा शब्दही डॉक्टरांच्या पुस्तकातून कोणी काढला नाही. गुरुनाथने उत्तरं लिहिली, तीन लिहिली. एकाच उत्तराची पोच आली, तीही यंत्राकडून.

तरी घरात सुख परतलं. त्याने डोळे उघडे ठेवून डाळिंबं रंगवली, आणि पहिलं डाळिंब वाळल्यावर विनयाने ते उचलून नाकाशी नेलं. नंतर आपणच हसली.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, शर्वाणी मुलीला घेऊन सावंतवाडीला आली. तिने आधी फोन केला नव्हता. जुई अंगणातच उभी राहिली. तिने करड्या रंगाचा फ्रॉक घातला होता.

"ती सध्या हाच घालते," शर्वाणी म्हणाली. "बाकीचे कपडे कोणीतरी बदललेत म्हणते. खडूंना हात लावत नाही. आधी खूप रडली. आता रडत नाही, तेच मला बघवत नाही." ती ओसरीच्या पायरीवर बसली. "हेरवाडकर म्हणतात, लहान मेंदू आहे, सहा महिन्यांत सवय होईल."

ते वाक्य ऐकून गुरुनाथच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

"माझ्याकडे कशाला आलात?"

"ती रोज विचारते, माझं लाल कुठे गेलं. मला ते कसं होतं ते आकड्यांत माहीत आहे, पण मी ते कधी पाहिलं नाही. ज्या मोठ्या माणसांनी पाहिलंय त्यांतले बहुतेक जण ते विसरायच्या मागे आहेत. तुम्हाला रंग कालवता येतो."

गुरुनाथला राग आला. ज्या रंगाने आपली सव्वादोन वर्षं खाल्ली, तोच रंग आपण हाताने बनवायचा. त्याने नाही म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात जुई दाराशी आली आणि तांबड्या डाळिंबांच्या रांगेकडे बघून तिने मान फिरवली. किळस आल्यावर माणूस फिरवतो तशी. तीन दशकं लोक त्या डाळिंबांकडे हात पुढे करत आले होते.

त्याने हिरव्याचा डबा उघडला, निळ्याचा उघडला. एका कोऱ्या लाकडी डाळिंबावर बोटभर पट्टा ओढून तिला दाखवला.

"हे?"

"नाही. हे झाडासारखं आहे."

त्याने निळा वाढवला. तीही दोन पावलं पुढे आली. "नाही. जास्त झालं." पांढऱ्याचा थेंब घातला. "आता मळकं झालं." पाचव्या खेपेला तो स्वतःच थांबला, कारण वाटीतला रंग त्याच्या ओळखीचा होता. सव्वादोन वर्षं रोज सकाळी डबा उघडल्यावर दिसणारा, शिसारी आणणारा तो मोरपंखी. त्याने पूर्ण फळ रंगवलं. देठाशी गडद केलं, पोटावर उजळ ठेवलं, तांबड्याला करतो तसंच, आणि ओलंच तिच्यापुढे धरलं.

जुईने ते दोन्ही हातांत घेतलं. रंग तिच्या बोटांना लागला, फ्रॉकला लागला. ती जमिनीवर बसली आणि फळ मांडीत ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. शर्वाणीला दिसत होतं ते एक मोरपंखी डाळिंब, एका मुलीच्या मांडीत.

"केंद्राकडे चारशेच्या वर पालकांनी लिहिलंय," ती खालच्या आवाजात म्हणाली. "सगळ्यांची मुलं हेच मागतायत. मी तुमचं नाव कोणाला सांगितलेलं नाही."

"सांगा," गुरुनाथ म्हणाला. "किती लागतील ते कळवा. पिवळ्याचंही करावं लागेल. आकाशी आंबे."

विनया पाणी घेऊन बाहेर आली होती, ती तशीच उभी राहिली. नवऱ्याच्या आवाजात तिला हट्टही ऐकू आला नाही आणि दुःखही नाही; कामाची यादी करताना असतो तसा तो आवाज होता.

"आजोबा," जुईने विचारलं, "तुमच्याकडेपण आधी माझ्यासारखा पापुद्रा होता ना? बिघडवायच्या आधीचा?"

"होता."

"मग तुम्हालापण हे लाल दिसायचं?"

गुरुनाथ खाली तिच्यासमोर बसला. या प्रश्नाचं खरं उत्तर त्याने नऊ वेळा कोल्हापूरला जाऊन दिलं होतं, आणि कोणीही ते ऐकलं नव्हतं. ही ऐकत होती.

"नाही गं," तो म्हणाला. "मला हे हिरवं दिसायचं."

जुईने त्याच्याकडे पाहिलं. मोठ्या माणसाला काही कळत नाही म्हटल्यावर मुलांना वाटते तेवढीच कीव तिच्या नजरेत होती. मग समजूत घातल्यासारखी ती म्हणाली,

"म्हणजे तुम्ही लाल कधी पाहिलंच नाही."